संकेतस्थळासाठी सीएमएस निवडायचंय: वर्डप्रेस, ड्रूपल, ह्यूगो... आणि फीडचं काय?

पानाडी

नमस्कार मंडळी,

आमचा हौशी आकाशनिरीक्षकांचा गट आहे. गटाचं संकेतस्थळ आजवर हाताने लिहिलेल्या एचटीएमएल पानांवर चाललं. एकजण पानं लिहायचा, बाकीचे त्याला मेलवर मजकूर पाठवायचे. आता लिहिणारे वाढलेत आणि तो एकजण थकलाय. तेव्हा एखादी सीएमएस (मजकूर लिहायची आणि सांभाळायची तयार प्रणाली) घ्यावी असं ठरतंय.

गरजा अशा: चार-पाच जणांना स्वतः लॉगिन करून लिहिता यावं. लेखांबरोबर निरीक्षणाच्या नोंदीही असतात (कोणता धूमकेतू, कधी, कोणत्या दुर्बिणीतून, किती प्रत म्हणजे तेजस्विता). मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषा हव्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्यासारखेच आणखी काही गट आहेत. त्यांचं नवं लेखन आमच्या स्थळावर आपोआप दिसावं आणि आमचं त्यांच्याकडे जावं, श्रेय आणि दुव्यासकट.

वर्डप्रेस, ड्रूपल, जूमला, ह्यूगो, घोस्ट ही नावं वाचून झालीत. प्रत्येकाच्या पानावर तोच सगळ्यात चांगला असं लिहिलंय! ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांचं मत हवंय. शिवाय आरएसएस, म्हणजे स्थळावरच्या नव्या लेखनाची यादी इतर साधनांना आपोआप वाचता येईल अशी देणारी फीड, अजून जिवंत आहे का, हाही प्रश्न आहेच.

रात्रपाळी

सरळ वर्डप्रेस घ्या. २००३ पासून चालू आहे आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त संकेतस्थळांच्या मुळाशी तेच आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की अडलं तर उत्तर सापडतं आणि पुढे सांभाळायला माणूसही मिळतो. योगदानकर्ता (कॉन्ट्रिब्यूटर), लेखक, संपादक, प्रशासक या भूमिका तयार मिळतात. योगदानकर्त्याने लिहायचं, संपादकाने तपासून प्रसिद्ध करायचं, ही तुमची घडी जशीच्या तशी बसेल.

फीडसाठी काहीच करावं लागत नाही. पत्त्यापुढे 'फीड' लावलं की आरएसएस मिळते, त्यापुढे 'अ‍ॅटम' लावलं की अ‍ॅटम. दोन्ही फीडचेच नमुने. प्रत्येक वर्गाची आणि प्रत्येक लेखकाचीही वेगळी फीड असते. म्हणजे एखाद्या गटाला फक्त तुमच्या धूमकेतूंच्या नोंदी हव्या असतील, तर त्यांना तेवढ्याच वर्गाची फीड देता येईल.

बाहेरची फीड दाखवायला आरएसएसचा ब्लॉक गाभ्यातच (मूळ प्रणालीतच) आहे. तो यादी दाखवतो, मजकूर साठवून ठेवत नाही. साठवायचा असेल तर प्लगइन (वरून जोडायचा भाग) लागेल. एक लक्षात ठेवा: बाहेरची फीड वर्डप्रेस मुळात १२ तास साठवलेल्या प्रतीवरून दाखवतो, त्यामुळे तिकडे लेख आला की लगेच इकडे दिसेल अशी अपेक्षा नको. आणि ठरावीक वेळी करायची कामं तो कुणीतरी पान उघडलं की मगच करतो. वर्दळ कमी असेल तर सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला (ठरल्या वेळी कामं करणाऱ्या सोयीला) ते काम जोडून द्या.

मुद्रितशोधक

पानाडीताई, तुमच्या प्रश्नातला 'निरीक्षणाच्या नोंदी' हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच वरच्या प्रतिसादात राहिलाय.

लेख वेगळा आणि नोंद वेगळी. लेख वरून खाली वाचायचा असतो. नोंदीत शोधायचं असतं: या धूमकेतूची या महिन्यातली सगळी निरीक्षणं प्रतीच्या क्रमाने दाखवा, त्यातली द्विनेत्रीतून केलेली वेगळी काढा. हे हवं असेल तर तारीख, वस्तू, उपकरण, प्रत ही सुटी क्षेत्रं असायला हवीत. सगळं एका मजकुराच्या पेटीत लिहिलंत की दोन वर्षांनी त्यातून काहीही काढता येत नाही.

ड्रूपल याच कामासाठी घडलाय. 'निरीक्षण' नावाचा मजकूर-प्रकार करा, त्याला क्षेत्रं लावा, आणि व्ह्यूज हे साधन वापरून हव्या त्या याद्या करा. कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. त्याच व्ह्यूजला 'फीड' नावाचं प्रदर्शन जोडलं की ती यादी आरएसएसमधून बाहेर पडते. नोव्हेंबर २०१५ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हापासून व्ह्यूज गाभ्यात आहे, आणि बहुभाषिकताही. मजकूर, मेनू, मांडणी, सगळ्याचं भाषांतर त्याच चौकटीत होतं. वर्डप्रेसमध्ये दोन भाषांसाठी पॉलिलँगसारखं प्लगइन घालावंच लागतं.

आता दुसरी बाजू. ड्रूपल शिकायला चढण आहे. सातव्या आवृत्तीवरून आठव्यावर जाणं हे नवं संकेतस्थळ बांधण्याइतकं काम होतं. त्यामुळे अनेकजण सातव्यावरच थांबले, आणि ५ जानेवारी २०२५ ला तिचा अधिकृत आधार संपला. आठव्यानंतरच्या उड्या बऱ्याच सोप्या झाल्यात, पण कंपोझरवर (ड्रूपलचे भाग बसवायच्या आणि अद्ययावत करायच्या, आज्ञांवर चालणाऱ्या साधनावर) हात बसलेला एक तरी माणूस गटात हवा. तो आहे का, हे आधी पाहा. नसेल तर ड्रूपलचं मी कितीही कौतुक केलं तरी तुम्ही घेऊ नका.

रात्रपाळी

सुट्या क्षेत्रांचा मुद्दा मान्य. पण ते वर्डप्रेसमध्येही होतं. स्वतःचा पोस्ट-प्रकार नोंदवायचा, त्याला क्षेत्रं जोडायची. ती पोस्टमेटा नावाच्या तक्त्यात जातात.

मुद्रितशोधक

जातात, पण कशी? प्रत्येक क्षेत्र एक वेगळी ओळ होऊन, आणि किंमत मजकूर म्हणून. '१०.२' आणि '९.८' यांचा क्रम लावताना आकडे म्हणून तुलना करायला मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर १०.२ आधी येतं. काही शे नोंदींना हे चालून जातं. नोंदी वाढल्या आणि तीन-तीन क्षेत्रांवर गाळणी लागली की डेटाबेसमधला शोध संथ होतो. ताईंच्या गटाला बहुधा तेवढं लागणार नाही, हेही मान्य करतो.

उंबर

मी वेगळ्या बाजूने येते. तुमची पानं आज स्थिर एचटीएमएल आहेत, आणि इतकी वर्षं टिकलीत. ती का टिकली याचा विचार करा. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडायला फारसं काही नाही. मार्च २०१८ मध्ये ड्रूपलच्या गाभ्यातल्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती आली, आणि काही आठवड्यांतच ती न लावलेल्या स्थळांवर हल्ले सुरू झाले. वर्डप्रेसमध्ये गाभ्यापेक्षा प्लगइनांची भीती जास्त. स्वयंसेवकांच्या गटात अद्ययावत करण्याचं काम दर आठवड्याला कोण करणार?

ह्यूगो (२०१३ पासून), जेकिल (२००८ पासून) किंवा इलेव्हंटी, म्हणजे स्थिर पानं तयार करून देणारं साधन, घेतलं तर लेख मार्कडाउनच्या (साध्या खुणांनी मांडणी दाखवणाऱ्या) फाइलींत राहतात. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर तारीख, प्रत, उपकरण अशी क्षेत्रं लिहिता येतात, म्हणजे मुद्रितशोधक म्हणतात ती सुटी क्षेत्रंही मिळाली. ह्यूगोला अनेक भाषा मुळातच येतात. आणि सगळा इतिहास गिटमध्ये राहतो: कुणी, कधी, काय बदललं.

फीडच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी. ह्यूगोचा मूळ आरएसएस साचा लेखाचा फक्त सारांश देतो, पूर्ण मजकूर नाही. आणि संख्येवर मर्यादा घातली नाही तर सगळ्या पानांची फीड करून टाकतो. दोन्ही बदलता येतं, स्वतःचा साचा लिहायचा. जेकिलचं फीड-प्लगइन अ‍ॅटम देतं, शेवटच्या १० लेखांची, पूर्ण मजकुरासकट.

पानाडी

उंबर, मुद्दा पटतोय, पण आमचे दोन ज्येष्ठ लेखक गिटचं नाव काढलं तरी लिहिणं सोडतील. ते आजही मजकूर मेलवरच पाठवतात.

उंबर

त्यावर डेकॅप सीएमएससारखं साधन आहे. ब्राउझरमध्ये फॉर्म दिसतो, मागे गिटमध्ये फाइल जाते. पण खरं सांगायचं तर मसुदा, पूर्वदृश्य, चित्र चढवणं यात वर्डप्रेसइतकी सहजता तिथे नाही. ज्येष्ठ मंडळी लिहिती राहणं हे तुमच्या गटासाठी जास्त मोलाचं. ते माझ्या शिफारशीच्या आड येत असेल तर माझी शिफारस मागे ठेवा.

सांधेजोड

धागा उशिरा पाहिला. सगळे सीएमएसबद्दल बोलतायत, आणि ताईंनी 'सगळ्यात महत्त्वाचं' म्हणून सांगितलेली गोष्ट कोपऱ्यात राहिलीय. माझं मत स्पष्ट आहे: दोन-चार गटांत देवाणघेवाण करायची असेल तर आधी फीड ठरवा, मग तशी फीड नीट देणारी सीएमएस घ्या. लेखन आत कसं जातं हे सगळे तपासतात. ते बाहेर कसं पडतं हे फार थोडे पाहतात.

आधी जिवंत आहे का ते. आरएसएसची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर-कंपनीतून आली. पुढे दोन वाटा झाल्या: डिसेंबर २०००ची, आरडीएफ या माहितीच्या मांडणीवर आधारलेली १.०, आणि डेव्ह वायनर यांनी पुढे नेलेली शाखा, जिची २.० सप्टेंबर २००२ मध्ये आली. आकडे एका ओळीतले दिसतात, पण १.० आणि २.० ही वेगळी घराणी आहेत. हा गोंधळ आणि तपशिलातली संदिग्धता टाळायला अ‍ॅटम तयार झालं, आणि डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२८७ (इंटरनेटचा मानक-दस्तऐवज) म्हणून प्रमाण झालं. २०१७ मध्ये जेसन फीड हा आणखी एक नमुना आला. जुलै २०१३ मध्ये गूगल रीडर बंद झाला तेव्हा आरएसएस संपली असं खूप लिहिलं गेलं. संपलं ते फीड वाचायचं एक साधन. पॉडकास्टचं जग आजही आरएसएसवर चालतं.

तुम्ही आपसातल्या देवाणघेवाणीला अ‍ॅटम वापरा, असं मी आग्रहाने सांगेन. कारण तुमच्या नोंदींत दुरुस्त्या होणार. समजा एका निरीक्षकाने धूमकेतूची प्रत ८.५ लिहिली, ती सगळ्या गटांकडे गेली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तुलनेला घेतलेला तारा चुकला होता, आणि नोंद ९.१ केली. आरएसएस २.० मध्ये नोंदीला प्रसिद्धीची एकच तारीख असते. नोंद बदलली हे सांगायला तिच्यात जागाच नाही. काही वाचक-साधनं मजकूर ताडून बदल ओळखतात, काही नाहीत. अ‍ॅटममध्ये प्रसिद्धीची तारीख वेगळी आणि बदलाची वेगळी असते, आणि बदलाची तारीख सक्तीची आहे. घेणारं साधन ती तारीख पाहून आपल्याकडची नोंद बदलू शकतं. निरीक्षणाच्या कामात ८.५ कुठेतरी तशीच पडून राहणं हे मला फार गंभीर वाटतं.

दुसरी गोष्ट, ओळख. प्रत्येक नोंदीला फीडमध्ये एक कायमची खूण असते. आरएसएसमध्ये तिला जीयूआयडी म्हणतात, अ‍ॅटममध्ये आयडी. घेणाऱ्या बाजूला 'ही नोंद मी आधी पाहिलीय का' हे या खुणेवरूनच कळतं. शीर्षक बदला, मजकूर बदला, चालेल. खूण बदलली की तीच नोंद नवी होऊन सगळ्यांकडे पुन्हा जाते.

वर्डप्रेसमध्ये ही खूण पत्त्यासारखी दिसते: स्थळाचा पत्ता आणि पुढे पोस्टचा क्रमांक. दिसायला पत्ता असला तरी ती फक्त ओळख आहे, आणि आरएसएसमध्ये ती 'कायमदुवा नव्हे' असं लिहूनच बाहेर पडते. पुढे कधी डोमेन बदललंत आणि डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून नवा घातलात, तर जीयूआयडीचा स्तंभ त्यातून वगळा. डब्ल्यूपी-सीएलआय या, आज्ञांनी वर्डप्रेस चालवणाऱ्या साधनाच्या शोध-बदल आज्ञेत स्तंभ वगळायची सोय आहे. ह्यूगोच्या मूळ साच्यात खूण म्हणजे थेट पानाचा पत्ता असतो, त्यामुळे तिथे पत्ता बदलला की ओळखही बदलते. साचा स्वतः लिहिणार असाल तर खूण फाइलीच्या डोक्यावर लिहून ठेवा आणि तिथूनच घ्या.

पानाडी

सांधेजोड, हा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवलाय. दुरुस्तीचा प्रश्न आमच्याकडे खरंच येतो. मग लेख मागेच घेतला तर? तेही कळतं का? आणि पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर, मराठी शीर्षकाचा मराठीतच पत्ता ठेवावा का?

रात्रपाळी

पत्त्याचं मी सांगतो. ठेवता येतो, पण वर्डप्रेसमध्ये पत्त्याचा तुकडा ज्या स्तंभात बसतो त्याची लांबी २०० आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय लिपी-संकेतात ३ बाइट घेतं, आणि टक्केवारीच्या खुणांनी लिहिलं की त्या ३ बाइटांची ९ अक्षरं होतात. म्हणजे हिशेबाने जेमतेम २२ चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांटीही त्यातच मोजायच्या. 'धूमकेतू' या चार अक्षरी शब्दातच सात चिन्हं आहेत. लांब शीर्षक अर्ध्यात तुटतं, आणि एकाच सुरुवातीची दोन शीर्षकं असतील तर पुढे आकडा लागतो. शिवाय असा पत्ता कुणी चिकटवला की टक्क्यांची लांब माळ दिसते. मी रोमन लिपीत छोटा तुकडा हाताने लिहितो. लेख पहिल्यांदा प्रसिद्ध करण्याआधी तो पाहायचा, नंतर हात लावायचा नाही.

सांधेजोड

मागे घेतलेल्या लेखाबद्दल: फीड सहसा शेवटच्या १०-२० नोंदींची असते. एखादी नोंद तिच्यातून गेली, तर ती जुनी झाली म्हणून गेली की काढून टाकली म्हणून, हे घेणाऱ्याला कळत नाही. अ‍ॅटमसाठी 'नोंद काढली' असं सांगणारा घटक आरएफसी ६७२१ मध्ये २०१२ साली प्रमाण केला गेला, पण तुम्ही ज्या सीएमएस पाहताय त्या आपणहून तो देत नाहीत. म्हणून माझा सल्ला: मागे घेतलेला लेख पुसू नका. त्याच पत्त्यावर, त्याच खुणेने, 'हा लेख मागे घेतला आहे, कारण अमुक' असा मजकूर ठेवा. अ‍ॅटममधली बदलाची तारीख पुढे सरकेल आणि ज्यांनी प्रत घेतलीय त्यांच्याकडेही तो निरोप पोचेल. फक्त तो लेख इतका जुना असेल की फीडमधून आधीच बाहेर गेलाय, तर साधी मेल करा.

याच कारणासाठी इतर गटांचं लेखन पूर्ण उतरवून घेऊ नका. शीर्षक, लेखक, गटाचं नाव, दोन-तीन ओळी आणि मूळ दुवा, इतकंच दाखवा. वाचक मूळ स्थळावर जातो, तिथली दुरुस्ती त्याला दिसते, आणि श्रेयाचा प्रश्नच उरत नाही. पूर्ण मजकूर घ्यायचाच असेल तर लेखी परवानगी घ्या आणि पानात कॅनॉनिकल दुवा (मूळ लेख कोणता हे शोधयंत्रांना सांगणारा) मूळ लेखाकडे द्या. फीड उघडी आहे म्हणजे पुनर्मुद्रणाची परवानगी आहे, असं समजणारी बरीच मंडळी आहेत. तसं नसतं.

पर्णकुटी

जूमलाचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितेय. २००५ मध्ये मॅम्बोतून फुटून निघालेली ही सीएमएस वर्डप्रेस आणि ड्रूपल यांच्या मधली आहे. अनेक भाषा गाभ्यात, वापरकर्त्यांच्या गटांनुसार बारीक परवानग्या गाभ्यात. आणि बाहेरच्या फीड गोळा करून वर्गवार दाखवणारा 'न्यूजफीड्स' हा भागही सोबत येतो. ड्रूपलच्या गाभ्यातही असाच अ‍ॅग्रिगेटर होता, तो दहाव्या आवृत्तीत बाहेर काढला, आता वेगळा घ्यावा लागतो. जूमलाचं दुखणं एवढंच, की नवे विस्तार आणि सांभाळणारी माणसं वर्डप्रेसच्या मानाने फार कमी सापडतात.

सांधेजोड

पर्णकुटी, बरोबर. पण मी तर म्हणेन की गोळा करण्याचं काम सीएमएसच्या बाहेरच ठेवा. फ्रेशआरएसएस किंवा मिनीफ्लक्स वेगळं बसवायचं, सगळ्या गटांच्या फीड तिथे घ्यायच्या, आणि त्यातून निघणारी एकत्र यादी संकेतस्थळावर दाखवायची. उद्या सीएमएस बदललीत तरी हा भाग तसाच राहतो. कोणत्या फीड घेता ती यादी ओपीएमएल फाइलीत बाहेर काढता येते, ती इतर गटांनाही द्या.

दोन बारीक गोष्टी. बाहेरून आलेल्या मजकुरातलं एचटीएमएल गाळून घ्या, स्क्रिप्ट वगैरे आत येता कामा नये. आणि फीड परत-परत मागताना सशर्त मागा: मागच्या वेळचा ईटॅग (फाइलीच्या आवृत्तीची खूण) पाठवला की काही नवं नसल्यास समोरचा सर्व्हर फक्त ३०४ ('बदल नाही') म्हणतो, सगळी फाइल पुन्हा येत नाही. चांगली साधनं हे आपणहून करतात. स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी मात्र हे पाळावं. छोट्या गटाच्या छोट्या सर्व्हरला दर मिनिटाला अख्खी फीड मागत राहणं योग्य नाही.

आरएसएसचा साचा हाताने लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक: तिच्यातली तारीख ठरावीक इंग्रजी रूपातच लागते. स्थळाची भाषा मराठी ठेवल्यावर तिथे 'जानेवारी' किंवा देवनागरी आकडे उमटले, तर घेणाऱ्याला तारीख कळत नाही आणि क्रम विस्कटतो. अ‍ॅटममध्येही आकडे इंग्रजीच लागतात, पण महिन्यांची नावं तरी नाहीत.

रात्रपाळी

घोस्ट राहिलं. लेख आणि मेलवरचं वार्तापत्र एकत्र हवं असेल तर उत्तम, लिहायचा अनुभवही फार छान. पण एका स्थळावर दोन भाषा आणि नोंदींची सुटी क्षेत्रं यासाठी ते नाही. ताईंच्या कामाला बसणार नाही.

अ‍ॅक्टिव्हिटीपबही पाहा, जानेवारी २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. वर्डप्रेसला त्याचं प्लगइन आहे. मॅस्टडॉन या समाजमाध्यमावरचे लोक थेट तुमच्या स्थळाला अनुसरू शकतात. फीडच्या जागी नव्हे, फीडच्या जोडीला.

पानाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. गटात बोलणं झालं. कंपोझर सांभाळणारं कुणी नाही, त्यामुळे ड्रूपल नाही. वर्डप्रेस घेतोय, 'निरीक्षण' हा वेगळा पोस्ट-प्रकार, दोन भाषांसाठी प्लगइन, आणि भाषेगणिक वेगळी फीड. गटांमध्ये अ‍ॅटम, पूर्ण मजकुराऐवजी सारांश आणि दुवा. गोळा करायला फ्रेशआरएसएस वेगळं. जुनी एचटीएमएल पानं हलवणार नाही, त्यांचे पत्ते तसेच राहतील.

शेवटची शंका: उद्या वर्डप्रेस सोडावंसं वाटलं तर सगळं बाहेर काढता येईल ना?

मुद्रितशोधक

येईल. निर्यात केली की एक एक्सएमएल फाइल मिळते, तिचा साचा आरएसएस २.० वरच वाढवलेला आहे. लेख, लेखक, वर्ग, तुमची क्षेत्रं, जीयूआयडी, सगळं तिच्यात असतं. चित्रं मात्र नसतात, चित्रांचे फक्त पत्ते असतात. आयात करणारं साधन त्या पत्त्यांवरून जुन्या सर्व्हरकडून चित्रं उतरवून घेतं. म्हणजे जुनं स्थळ आयात पूर्ण होईपर्यंत चालू हवं, आणि अपलोड्सच्या फोल्डरची प्रत वेगळी काढलेली हवी. पहिले काही लेख चढवले की लगेच एकदा निर्यात करून रिकाम्या वर्डप्रेसमध्ये घालून बघा. निरीक्षणाची क्षेत्रं पलीकडे नीट आली का, ते नोंदी थोड्या असतानाच कळलेलं बरं.

पानाडी

करते, आणि काय निघालं ते इथेच लिहिते.